चामखिळीचा जाबसाल

शरीराला कसलीही व्याधी न जडवता मनाला मात्र सदैव टोचत राहणाऱ्या ज्या काही गोष्टी माणसाच्या कातडीवर उद्भवतात, त्यांत मानेवर, काखेत, जांघेत किंवा पापणीच्या कडेला बारीक देठाने लोंबणाऱ्या मऊ चामखिळीची गणना प्रथम करावी लागेल. प्रौढ स्त्रीपुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या अंगावर ती कुठे ना कुठे आढळते, आणि चाळिशी उलटल्यावर तिचे प्रमाण वाढतच जाते. इतकी सार्वत्रिक असूनही तिच्याविषयी आपल्या घरांतून जे बोलले जाते ते बहुतांशी ऐकीव असते. आणि त्या ऐकीव माहितीच्या भरवशावर मानेसारख्या नाजूक जागी चुना, सोडा आणि बिब्बा यांचे प्रयोग सर्रास केले जातात, ही गोष्ट मला मनापासून चिंतेची वाटते.

या विषयात दोन पक्ष स्पष्ट दिसतात. चामखीळ ही घरच्या घरी निकालात काढण्याची क्षुल्लक बाब असून तिच्यापायी दवाखान्याची पायरी चढणे म्हणजे वेळेचा आणि पैशाचा अपव्यय होय, असे एक पक्ष मानतो. तर अंगावर आलेली कोणतीही नवी गोष्ट जाणत्या नजरेखालून गेलीच पाहिजे, असा दुसऱ्याचा आग्रह असतो. उभयपक्षांचे म्हणणे पुरते ऐकून घेतल्यावाचून निर्णय करू नये, म्हणून मी पुढील संवादाची योजना केली आहे. त्यातले मामा हे जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, चौफेर वाचन असलेले आणि युक्तिवादात सहजी हार न मानणारे गृहस्थ आहेत. भाची चर्मरोगांची तज्ज्ञ डॉक्टर आहे. मामांच्या मानेवर पाचसहा चामखिळी असून त्यांतली एक कॉलरला घासते आणि दाढी करताना वस्तरा लागून तिच्यातून रक्त येते. तिचा बंदोबस्त करण्यासाठी त्यांनी पानाच्या डब्यातला चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र कालवून ठेवला आहे, आणि नेमकी त्याच वेळी भाची घरी आली आहे.

मामा : तुझ्या चेहऱ्यावरूनच तुझा आक्षेप मला कळला; पण आधी माझी जबानी पुरती होऊ दे. माझ्या वडिलांच्या पाठीवर अशीच एक चामखीळ होती. त्यांनी घोड्याच्या शेपटीचा केस तिच्या देठाशी गच्च आवळून बांधला, काही दिवसांत ती काळी पडली आणि एके सकाळी आपसूक गळून गेली. व्रण नाही, वेदना नाही, औषधाची चिठ्ठी नाही. ज्या कामाला एक केस आणि थोडा धीर पुरतो, त्या कामासाठी शस्त्रे, यंत्रे आणि तज्ज्ञ यांचा एवढा सरंजाम उभा करण्याचे प्रयोजन काय, हे मला कोणीतरी समजावून द्यावे.

भाची : मामा, आजोबांची चामखीळ केसाने गेली यावर माझा पुरता विश्वास आहे, कारण ती तशी का गेली हे सांगता येते. चामखीळ म्हणजे कातडीच्या वरच्या पातळ थराने वेढलेला एक मऊ उंचवटा. आत सैलसर तंतू, बारीक रक्तवाहिन्या आणि क्वचित थोडी चरबी. ती बहुधा एक ते पाच मिलिमीटर एवढीच असते, पण एखादी वाढत वाढत सेंटिमीटरच्याही पुढे जाते. तिला मिळणारे सर्व रक्त त्या अरुंद देठातून येते. देठ आवळला की रक्त बंद, आणि रक्त बंद झाले की ती सुकून गळणारच. कित्येकदा तिला आपोआप पीळ पडूनही हेच घडते. ती एकाएकी दुखू लागते, काळी पडते, आणि माणूस घाबरून आमच्याकडे येतो. तेव्हा आजोबांच्या उपायामागचे तत्त्व खोटे नव्हते. परंतु तो केस निर्जंतुक नसतो, आणि घोड्यांच्या सान्निध्यात धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असण्याचा संभव मोठा असतो. शिवाय गाठ पुरती आवळली गेली नाही तर रक्त आत जात राहते आणि बाहेर पडत नाही. मग चामखीळ सुजते, ठणकते, प्रसंगी तिच्यात पू होतो. ज्यांच्या बाबतीत असे झाले त्यांची हकीकत पुढच्या पिढीला कोणी सांगत नाही. गळून गेलेल्या चामखिळीची मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

मामा : मान्य, केसाचा आग्रह मी सोडतो. पण क्षाराचे काय? सुश्रुताचार्यांनी अर्शाचे निदान सांगताना त्याच प्रकरणात चर्मकीलाचाही विचार केला आहे, आणि क्षारकर्माला तर त्यांनी एक स्वतंत्र अध्याय वाहिला आहे. शस्त्रे आणि अनुशस्त्रे यांत क्षार श्रेष्ठ, असे त्यांचे मत होते. मग माझ्या या वाटीतले द्रव्य म्हणजे त्या थोर परंपरेचाच एक घरगुती अंश नव्हे काय?

भाची : सुश्रुताचा दाखला तुम्ही काढलात याचा मला आनंद आहे, कारण तोच दाखला मी तुमच्या विरुद्ध देणार आहे. आधी तुमच्या वाटीत काय तयार झाले आहे ते पाहू. भिजवलेला चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र आले की त्यांच्यात रासायनिक क्रिया होऊन एकीकडे खडूसारखा साका खाली बसतो आणि दुसरीकडे दाहक सोडा, म्हणजे कॉस्टिक सोडा निर्माण होतो. साबणाच्या कारखान्यात तेलाचा साबण करण्यासाठी जो वापरतात तोच हा पदार्थ, आणि कातडीतल्या चरबीवरही तो तीच क्रिया करतो. आम्लाने भाजले तर जळालेल्या थराचे कवच होऊन आम्लाची पुढची वाट काहीशी अडते. दाहक क्षार मात्र पेशी विरघळवीत खोल खोल जात राहतो, आणि वेदना उशिरा जाणवते म्हणून माणूस तो वेळेवर धूतही नाही. चामखीळ दोन मिलिमीटरची आणि भाजलेली जागा रुपयाएवढी, असे रुग्ण माझ्यासमोर येतात, आणि तो व्रण भरून आल्यावर जो जाड वण किंवा काळा डाग राहतो तो मूळच्या चामखिळीपेक्षा कितीतरी अधिक डोळ्यांत भरणारा असतो.

आता सुश्रुताकडे वळू. त्याने क्षार मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे तीन प्रतींचे सांगितले. वनस्पतींची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून, त्यात भाजलेल्या शंखशिंपल्यांचा चुना घालून तो कसा सिद्ध करावा हे सांगितले. आणि तो लोखंडाच्या पात्रात तोंड बंद करून ठेवावा अशी आज्ञा केली. लावल्यावर शंभर अक्षरे उच्चारण्यास लागेल एवढाच काळ थांबावे आणि मग आंबट द्रव्याने त्याचा दाह शमवावा, हेही त्याने लिहून ठेवले. क्षाराला आम्लाचा उतारा द्यावा, ही केवढी सूक्ष्म दृष्टी! कोणाला क्षार देऊ नये याची यादीही त्याने दिली आहे. म्हणजे प्रमाण, काळ, उतारा आणि निषेध ही चारही अंगे त्याच्या शास्त्रात आहेत. तुमच्या वाटीत त्यांतले एकही नाही. आधुनिक काळात, १९६०च्या दशकात, बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी क्षारसूत्राचे पुनरुज्जीवन केले, तेव्हा निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकूण एकवीस लेप धाग्यावर ठरावीक क्रमाने चढवण्याची पद्धत नेमून दिली गेली. परंपरेचा मान राखायचा तर तो असा, तिच्या शिस्तीसकट राखला पाहिजे.

मामा : तू तर माझाच साक्षीदार फोडलास! ठीक आहे, वाटीतले द्रव्य टाकून देण्याची मी तजवीज करतो. आणि बिब्ब्याचा विचार माझ्या मनात येऊन गेला होता, तोही मी आता बोलून दाखवीत नाही.

भाची : बोलून दाखवलात हे उत्तम झाले. बिब्ब्याच्या तेलाने कातडीला जी प्रक्रिया होते ती चामखिळीपुरती थांबत नाही. ज्यांना ते सोसत नाही त्यांच्या मानेपासून चेहऱ्यापर्यंत पुरळ, सूज आणि फोड येतात. लसणाचा ठेचा रात्रभर बांधून ठेवला तरी भाजते. आणि पापणीवरच्या चामखिळीला चुना लावण्याचा विचारही कोणी करू नये. चुन्याचा कण डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

मामा : एवढे सगळे ऐकल्यावर माझा मूळ मुद्दा मात्र अधिकच बळकट होतो. तुझ्याच म्हणण्याप्रमाणे चामखीळ निरुपद्रवी आहे. मग तिला हात न लावणे हाच सर्वोत्तम उपाय नव्हे काय? माझ्या आईच्या गळ्यावर आठदहा होत्या. तिने त्यांच्याकडे आयुष्यात कधी लक्ष दिले नाही, आणि ती नव्वदीपर्यंत सुखाने जगली. हल्ली शहरोशहरी त्वचासौंदर्याच्या नावाने जी दुकाने निघाली आहेत, ती माणसाला आधी त्याच्या अंगाची लाज वाटायला लावतात आणि मग ती लाज दूर करण्याची किंमत वसूल करतात. निरुपद्रवी गोष्टीचे भांडवल करणाऱ्या या व्यवहारात वैद्यकाने सामील व्हावे, हे मला प्रशस्त वाटत नाही.

भाची : तुमचा हा आक्षेप खरा आहे आणि त्याची टोचणी आमच्यातल्या अनेकांना आहे. जी चामखीळ घासत नाही, अडकत नाही, रक्ताळत नाही आणि जिचे माणसाला काही वाटत नाही, ती काढण्याची मुळीच गरज नाही. असे सांगून मी पुष्कळांना परत पाठवते. उलट घरपोच मिळणाऱ्या कुप्यांचा व्यापार मला त्या दुकानांहूनही अधिक धोक्याचा वाटतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली असे द्रव विकणाऱ्या व्यापाऱ्यांना इशारेवजा पत्रे पाठवली आणि तीळ किंवा चामखीळ घरी काढण्यासाठी आपण एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही, असे जाहीर केले. तरी तसल्या कुप्या आपल्याकडेही घराघरांत पोहोचतात.

परंतु मामा, दुःखाचे माप दुसऱ्याने ठरवू नये. एक तरुण शिक्षिका माझ्याकडे आली होती. वैशाखाच्या उकाड्यातही गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली. वर्गातल्या मुलांची नजर आपल्या मानेवर खिळते, या जाणिवेने तिने फळ्याकडे तोंड करून शिकवण्याची सवय लावून घेतली होती. तिच्या चामखिळी वैद्यकाच्या दृष्टीने निरुपद्रवीच होत्या; पण तिच्या जगण्यावर त्यांनी जो अंमल बसवला होता तो निरुपद्रवी होता, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? एखाद्याला नको वाटते एवढे कारण ती काढण्यास पुरेसे आहे. मात्र भीती घालून कोणाच्या मनात ते कारण निर्माण करू नये, ही आमची मर्यादा.

मामा : ही मर्यादा पाळली जात असेल तर माझी तक्रार निम्मी उरते. पण मला असे सांग, चामखीळ कोणती आणि दुसरे काही कोणते, हे सामान्य माणसाने ओळखायचे कसे? की तेही तुमच्याच अखत्यारीत?

भाची : बरेचसे सामान्य माणसाला ओळखता येते, आणि जिथे येत नाही तिथे शंका घेता आली तरी पुरे. मी म्हणते ती चामखीळ मऊ असते, कातडीच्याच रंगाची किंवा किंचित काळसर असते, देठावर हलते आणि दाबली तरी दुखत नाही. विषाणूंमुळे होणारी चामखीळ निराळी. तिचा पृष्ठभाग खरखरीत असतो, ती बोटांवर, हातापायांवर अधिक येते, आणि एकाची दुसऱ्याला किंवा एकाच्याच अंगावर एका जागेची दुसऱ्या जागी लागण होते. ती ओरबाडली किंवा कापली तर पसरू शकते. चामखिळीचे रक्त लागले की नव्या उगवतात, हा जो समज आहे तो त्या प्रकारावरून आलेला असावा. देठाच्या मऊ चामखिळीला तो लागू नाही, ती सांसर्गिक नाही. उतारवयात अंगावर चिकटवल्यासारखे दिसणारे तपकिरी खरखरीत उंचवटे येतात, तेही निराळे. अंगभर मऊ गाठी आणि त्यांच्या जोडीला दुधाळ कॉफीच्या रंगाचे पुष्कळ डाग असतील तर मज्जातंतूंच्या एका आनुवंशिक विकाराचा विचार करावा लागतो. लहान मुलाच्या मानेवर चामखिळीसारखे काही दिसले तर ते आवर्जून दाखवावे, कारण त्या वयात ही गोष्ट सहसा होत नाही. तसेच कानापुढे जन्मापासून असलेला उंचवटा दोऱ्याने बांधू नये. त्यात कूर्चा असू शकते.

आणि घाई केव्हा करावी, तेही सांगते. जी गोष्ट थोड्या अवधीत भराभर वाढते, जिचा रंग एकसारखा नसून काळा, निळा किंवा तांबूस असा मिसळलेला आहे, जिच्या कडा वेड्यावाकड्या आहेत, जी हाताला टणक लागते, जी न दुखावता रक्ताळते किंवा जिच्यावरचा व्रण भरून येत नाही, तिला चामखीळ समजून घरी हात लावू नये. अशी शंका असली की काढलेला तुकडा आम्ही विकृतिशास्त्रज्ञाकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतो. चामखीळ म्हणून काढलेल्या तुकड्यात कर्करोग निघणे हे अत्यंत क्वचित घडते, हे मी मुद्दाम सांगते. पण चुन्याने जाळून टाकलेल्या गोष्टीचा तपास मागाहून कोणालाही करता येत नाही, हेही तितकेच खरे.

मामा : पुरावाच नष्ट झाला तर मुकदमा चालायचा कसा! बरे, तू काढतेस ती कशी, तेही सांग.

भाची : जागा जंतुनाशक द्रवाने पुसून घ्यायची. चामखीळ बारीक दातेरी चिमट्याने हलकेच उचलून धरायची, म्हणजे देठ ताणला जाऊन त्याचे मूळ कातडीच्या पातळीवर नेमके कुठे आहे ते दिसते. आणि वक्र पात्याच्या तीक्ष्ण कात्रीने त्या मुळाशी एकच काप घ्यायचा. लहान चामखिळीला बधिर करण्याचे औषधही लागत नाही. क्षणभराची टोचणी, आणि काम झालेले असते. देठ जाड असेल तर मुळाशी लिग्नोकेनचे थोडे इंजेक्शन देते. रक्ताचा एखादा थेंब येतो, तो कापडी पट्टीने दाबून धरला की थांबतो. न थांबल्यास ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण टिपते किंवा विजेच्या तप्त सुईचा ओझरता स्पर्श करते. अगदी बारीक असतील त्या नुसत्या सुईनेच जाळता येतात. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनने गोठवूनही त्या काढतात; पण कातडीचा रंग निर्माण करणाऱ्या पेशी थंडीला फार लवकर बळी पडतात, म्हणून आपल्या सावळ्या कातडीवर पांढरट डाग राहण्याचा संभव असतो आणि मी तो मार्ग मानेवर सहसा पत्करत नाही. सुईने जाळल्यावर उलट काळसर डाग पडू शकतो, पण तो बहुधा काही महिन्यांत फिका होतो. खपली आठवड्या-दोन आठवड्यांत पडते. तोवर ती खरवडू नये आणि जागा कोरडी, स्वच्छ ठेवावी. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल तर आधी सांगावे, आणि रक्तातली साखर वाढलेली असेल तर जखम भरायला वेळ लागतो, हे लक्षात ठेवावे.

काढलेली चामखीळ त्या जागी सहसा पुन्हा येत नाही. पण दुसरीकडे नव्या येणार नाहीत अशी हमी कोणी देऊ शकत नाही, कारण त्या ज्या कारणाने येतात ते कारण आत शिल्लकच असते.

मामा : कारण म्हणजे घर्षण ना? जिथे कातडीवर कातडी किंवा कपडा घासतो तिथे ती येते, असे मी वाचले आहे.

भाची : घर्षण हे एक कारण, घराण्याची प्रवृत्ती हे दुसरे. गरोदरपणाच्या उत्तरार्धात पुष्कळ स्त्रियांना त्या येतात आणि प्रसूतीनंतर काहींच्या आपोआप जातातही. परंतु ज्या कारणासाठी मी आज इतका वेळ तुमच्याशी वाद घालत बसले आहे ते निराळे आहे. शरीरात इन्शुलिन पुष्कळ आहे, पण पेशी त्याला नेहमीसारखा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड अधिकच इन्शुलिन सोडते, अशी एक अवस्था मधुमेहाच्या आधी कित्येक वर्षे चाललेली असते. हे वाढीव इन्शुलिन कातडीतल्या पेशींच्या वाढीला चालना देते. त्यातून चामखिळी उगवतात आणि मानेची मागची बाजू, काखा, जांघा या ठिकाणची कातडी काळसर, जाड आणि हाताला मखमली लागू लागते. मानेवरचा हा काळेपणा मळ समजून लोक घासत राहतात. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चामखिळी असलेल्या २१६ माणसांची तपासणी झाली, तेव्हा ५७ जणांना मधुमेह निघाला आणि आणखी १७ जणांची साखर हाताळण्याची शक्ती मंदावलेली आढळली.

मामा : थांब. एवढ्यावरून अंगावर चामखीळ दिसली की तू मधुमेहाचा दाखला लिहून देणार? त्या २१६ जणांत उतारवयाचे लोक अधिक असतील तर वयामुळे चामखिळी आणि वयामुळेच मधुमेह, असे का म्हणू नये? आणि दुसरे, हा सगळा लठ्ठ लोकांचा विषय. माझे वजन तरुणपणापासून फारसे बदललेले नाही.

भाची : वयाचा तुमचा आक्षेप अगदी योग्य आहे, आणि म्हणूनच नंतरच्या अभ्यासकांनी त्याच वयाची चामखीळ नसलेली माणसे शेजारी घेऊन तुलना केली, तरीही चामखिळीवाल्यांच्या रक्तात बिघाड अधिक सापडत राहिला. मी तिला आरोपी मानत नाही आणि तिच्या एकटीच्या जबानीवर कोणाला दोषी ठरवीतही नाही. ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराने काही सांगितले तर रुजुवात करून पाहणे एवढेच माझे काम.

लठ्ठपणाविषयी म्हणाल, तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे आपले सहकारी जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघे शेजारी उभे. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक बरोबर २२.३, म्हणजे दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. आपण भारतीय माणसे काट्यावर बारीक दिसतो आणि चरबी आत, पोटात साठवतो. म्हणून आपल्यासाठी काट्यापेक्षा फीत अधिक बोलकी: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की, या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे तेरा कोटी साठ लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्या माणसाला काही दुखत नाही, खुपत नाही. तो डॉक्टरकडे जायचा कशासाठी? मानेवरच्या चामखिळीसाठी मात्र तो येतो. त्या भेटीत तिच्याबरोबर कंबर, रक्तदाब आणि रक्तही तपासले, तर पुढची दहा वर्षे त्याच्या हातात राहतात.

मामा : रक्ताचे कोणते तपास?

भाची : उपाशीपोटीची साखर, ती १०० ते १२५ असेल तर उंबरठा, १२६ किंवा अधिक असेल तर पुन्हा तपासून मधुमेह. एचबीएवनसी ही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, ५.७ ते ६.४ टक्के असेल तर उंबरठा, ६.५पासून पुढे मधुमेह. आणि जोडीला रक्तातील चरबीचे घटक. उंबरठ्यावर असताना रोजचे चालणे, कमी केलेली साखर आणि मैदा, ताटातली वाढवलेली डाळ-उसळ आणि थोडे उतरलेले वजन, एवढ्याने पुष्कळांचा मधुमेह लांबतो, काहींचा टळतो. आधीच्या चामखिळी त्यामुळे गळून पडतील असे आश्वासन मी देत नाही. पण ज्या कारणाने त्या आल्या ते कारण सौम्य होते, आणि हा लाभ मानेवर दिसला नाही तरी हृदयाला आणि डोळ्यांना पोहोचतो.

मामा : शेवटचा एक आक्षेप मी गावाकडच्या माणसाच्या वतीने नोंदवतो. चर्मरोगांचा तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी. तालुक्यातला शेतमजूर एका चामखिळीसाठी दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचे भाडे भरून तिथे येणार नाही. तो चुनाच लावील, आणि तू त्याला दोष देऊ शकणार नाहीस.

भाची : त्याला दोष मी देतच नाही. पण त्याला तज्ज्ञाकडे यायलाच हवे असेही नाही. साधी, खात्रीची चामखीळ कात्रीने काढणे हे कोणत्याही शिकलेल्या डॉक्टरला येणारे काम आहे. ग्रामीण रुग्णालयात ते होऊ शकते, आणि साखरेची तपासणी तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. शंकास्पद असेल तेवढेच जिल्हा रुग्णालयाकडे यावे. आणि तेही शक्य नसेल, तर त्या मजुराला माझे सांगणे एवढेच की, बाबा, तिला तशीच राहू दे. न काढलेल्या चामखिळीने त्याचे काही बिघडणार नाही; चुन्याने भाजलेल्या मानेने मात्र त्याची अनेक दिवसांची मजुरी जाईल.

मामा : तर मग माझा निकाल असा. केस, चुना, सोडा आणि बिब्बा यांचे अर्ज खारीज. कॉलरला घासून रक्ताळणारी जी एक आहे ती तू काढावीस, बाकीच्यांना अभय. माझी कंबर आजच मोजली जावी, आणि उद्या सकाळी उपाशीपोटी मी आणि तुझी मामी दोघेही रक्त द्यायला जाऊ, कारण तिच्या मंगळसूत्राखाली एक आहे आणि मानेमागचा काळेपणा ती गेली कित्येक वर्षे दगडाने घासते आहे. आज तुझ्या बोलण्यावरून तो मळ नसावा असे मला वाटू लागले. रूपाच्या हौसेपायी निरोगी अंगाला कात्री लावू नये, हे माझे मत मात्र मी मागे घेत नाही.

भाची : ते मत तुम्ही जरूर ठेवा, मामा, ते माझ्या व्यवसायाला धाकात ठेवते. मामींची कंबर मात्र तुमच्याआधी मोजू या, आणि त्यांच्या मानेवर आजपासून दगड नको.